पापण्यांच्या मुळाशी

सकाळी उठताना पापण्या एकमेकींना चिकटलेल्या असाव्यात, कोमट पाण्याचा हात फिरवल्याशिवाय त्या सुटू नयेत आणि सुटल्यावर डोळ्यांत बारीक वाळू गेल्यासारखे खुपत राहावे, ही तक्रार व्यापारी घरांना नवी नाही. दुकानात धूळ असते, वखारीत तागाच्या पोत्यांचे कण उडत असतात, गादीवर डोक्यावरच पंखा फिरत असतो. चोपडीची जागा संगणकाने घेतल्यापासून संध्याकाळपर्यंत नजर पडद्यावर खिळलेली असते, ते वेगळेच. त्यामुळे डोळे चुरचुरू लागले तर कारण शोधावे लागत नाही. ते हाताशीच असते. औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली येते, ती संपते, दुसरी येते. असे वर्ष निघून जाते.

हळदीच्या अडतीत चाळीस वर्षे घालवलेल्या, साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांचे असेच झाले. घरात आणि पेठेत सगळेच त्यांना अण्णा म्हणतात. हळदीचा व्यापार म्हटल्यावर डोळ्यांचा त्रास ओघानेच आला, अशी त्यांची समजूत. तीन वर्षांत त्यांनी चार प्रकारचे थेंब वापरले. त्यांतल्या एकाने डोळ्यांची लाली तासाभरात जाई आणि दुपारी दुपटीने परत येई. अशा थेंबांतील औषध डोळ्यांच्या रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या आकुंचित करते, मूळ दुखणे जिथल्या तिथेच राहते आणि औषधाचा अंमल उतरला की वाहिन्या अधिकच फुलतात. दुसरी बाटली शेजारच्या दुकानदाराला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिलेली स्टेरॉइडची होती. तिने बरे वाटले, म्हणून अण्णांनी ती दोन महिने चालवली. स्टेरॉइडचे थेंब वैद्यकीय देखरेखीवाचून दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू होऊ शकतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. वर्षभरात दोनदा रांजणवाडी झाली. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून घेतला, तरी वाचताना अक्षरे धूसर होत आणि डोळे मिचकावले की पुन्हा स्पष्ट दिसत. ही शेवटची खूण फार बोलकी आहे. मिचकावण्याने सुधारणारी नजर बहुधा चष्म्याचा नव्हे, अश्रूंचा दोष सांगते.

शेवटी सुनेने आग्रह धरून त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी स्लिट लॅम्पसमोर बसवून अण्णांना आधी खाली पाहायला सांगितले. ही साधी गोष्ट अनेकदा राहून जाते. समोर पाहत असताना वरच्या पापणीच्या केसांची मुळे झाकलेली असतात, खाली पाहिले की ती उघडी पडतात. अण्णांच्या जवळजवळ प्रत्येक केसाच्या बुडाशी मेणचट, अर्धपारदर्शक अशी बारीक नळी केसाला वेढून बसली होती. डोक्यातला कोंडा केसावर कुठेही अडकतो. हा कोंडा मात्र केसाच्या मुळाशी गळपट्टा घातल्यासारखा दिसतो. डॉक्टरांनी चिमट्याने एक केस अलगद काढला, काचपट्टीवर तेलाच्या थेंबात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र पडद्यावर दाखवले. केसाच्या मुळाला लांबट, पारदर्शक असे तीन-चार जीव चिकटलेले होते आणि त्यांचे आखूड पाय हलत होते.

या जीवाचे नाव डेमोडेक्स. शेतकऱ्यांना पिकावरचा लाल कोळी ठाऊक असतो. हा त्याच व्यापक कुळातला, आठ पायांचा आणि साध्या डोळ्यांना न दिसणारा. १८४१-४२ च्या सुमारास याकोब हेन्ले आणि गुस्ताव सायमन यांनी त्याची पहिली नोंद केली. माणसाच्या अंगावर त्याच्या दोन जाती राहतात. डेमोडेक्स फॉलिक्युलोरम साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांब असून तो केसाच्या मुळाच्या खळगीत डोके खाली करून समूहाने राहतो. डेमोडेक्स ब्रेव्हिस त्याहून आखूड आणि बहुधा एकलकोंडा. तो तेलग्रंथींच्या आत खोलवर जातो. दोघांचे आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे. उजेड त्यांना सोसत नाही. रात्री माणूस निजला की ते खळगीच्या तोंडाशी येतात, तिथेच त्यांचे मीलन होते, आणि ताशी सेंटिमीटरभर चालत ते दुसऱ्या केसाकडे जातात. खाज पहाटे आणि सकाळी अधिक का जाणवते, त्याचे एक कारण यात असावे.

हा जीव अस्वच्छतेचे लक्षण मानून लाजण्याचे मात्र कारण नाही. नवजात बालकाच्या अंगावर तो नसतो. आईच्या आणि घरच्यांच्या निकट स्पर्शातून पुढे येतो आणि वयाबरोबर वाढतो. सत्तरी ओलांडलेल्या बहुतेक माणसांच्या चेहऱ्यावर तो सापडतो आणि त्यांपैकी पुष्कळांना त्याचा काहीही उपद्रव नसतो. त्याच्याविषयीचा एक जुना अपवाद तर अलीकडेच दूर झाला. त्याला मलद्वार नाही, त्यामुळे आयुष्यभराचा मळ तो पोटात साठवतो आणि मेल्यावर तो सारा माणसाच्या त्वचेत सांडतो, असे सांगितले जाई. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जनुकीय अभ्यासात त्याला मलद्वार असल्याचे निश्चित झाले. बिचाऱ्यावर इतकी वर्षे नसता आळ होता, असेच म्हणावे लागेल.

दुखणे सुरू होते ते त्यांची संख्या वाढल्यावर. खळगीच्या कडेला त्यांच्या नख्यांनी सूक्ष्म इजा होते, मृत पेशी आणि तेल मिळून ती मेणचट नळी तयार होते, पापणीची कड सुजते, जिवाणूंना थारा मिळतो. पापणीच्या कडेवर तेलाच्या बारीक ग्रंथींची एक रांग असते. हाइनरिख मेबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मेबोमियन ग्रंथी म्हणतात. वरच्या पापणीत त्या तीसेक, खालच्या पापणीत थोड्या कमी. प्रत्येक वेळी डोळा मिटताना त्यांतून तेलाचा अतिसूक्ष्म अंश अश्रूंवर पसरतो आणि अश्रू वाळू देत नाही. निरोगी ग्रंथीतले तेल दिव्यातल्या तेलासारखे पातळ असते. सुजलेल्या ग्रंथीतले हिवाळ्यातल्या तुपासारखे थिजते. मग ग्रंथीचे तोंड बुजते, तेल येत नाही आणि डोळ्यांत पाणी असूनही ते पाहता पाहता उडून जाते. कोरड्या डोळ्यांच्या रुग्णाच्या डोळ्यांतून पाणी गळताना दिसते, ही विसंगती इथे उलगडते. वाळलेला पृष्ठभाग चुरचुरतो म्हणून शरीर एकदम पाणी सोडते, पण त्या पाण्याला धरून ठेवणारे तेल नसते.

अण्णांच्या दोन्ही चाचण्यांनी हेच सांगितले. डोळ्याच्या कडेत पाच मिनिटे अडकवलेली कागदाची पट्टी बऱ्यापैकी भिजली, म्हणजे अश्रू पुरेसे होते. पिवळ्या रंगाचा थेंब घालून पाहिले तेव्हा मात्र अश्रूंचा पडदा चार सेकंदांतच फाटला. तो दहा सेकंदांच्या आत फाटल्यास अश्रू टिकत नाहीत असे समजतात. पडद्याकडे टक लावून बसले की माणसाचे मिचकावणे मिनिटाला पंधरावरून निम्म्याच्याही खाली येते आणि अर्धवट होते. त्यामुळे आधीच पातळ झालेला तो पडदा आणखी विरतो.

डॉक्टरांनी गरम शेक, पापण्यांची स्वच्छता आणि टी ट्री तेलाचा अंश असलेल्या औषधी पट्ट्या लिहून दिल्या. अण्णा घरी आले, पट्ट्यांचे खोके कपाटात ठेवले आणि पुढचे पंधरा दिवस त्याला हात लावला नाही. विचारले की म्हणत, “बघू.” सोळाव्या दिवशी आक्कांपाशी त्यांनी मन मोकळे केले. “हलताना पाहिलेत मी ते. पाय होते त्यांना. ठाऊक नव्हतं तोवर ठीक होतं. आता पाहून-सवरून औषध लावायचं म्हणजे काय?”

ज्या घरात पाणी गाळून वापरतात आणि धान्य निवडताना अळी दिसली तर ती अलगद बाजूला नेऊन सोडतात, त्या घरात हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ‘तुमचे सगळेच निराळे’ म्हणून तो उडवून लावणारा वैद्य रुग्ण गमावतो. रुग्ण मग समोर मान डोलावतो आणि घरी जाऊन औषध बंद ठेवतो. उलट बाजूने, या औषधाने जीव मरतच नाहीत असे सांगून मन समजावणेही खरे नाही. टी ट्री तेलातील टर्पिनेन-४-ऑल हा घटक त्यांना मारतो, म्हणूनच तो वापरतात. गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद वाचकांना परिचित आहेत. मारण्याच्या हेतूने केलेली हिंसा आणि देहाची निगा राखताना जपूनही होऊन जाणारी हिंसा यांत परंपरेने भेद केला आहे, हेही परिचित आहे. पण अण्णांना तो भेद पाठ होता. अडचण ती नव्हतीच. स्वतःच्या केसाच्या मुळाशी हललेले ते पाय त्यांच्या नजरेसमोरून जात नव्हते.

कोंडी सुनेने फोडली. तिने वाद घातला नाही, एवढेच विचारले, “अण्णा, तुम्ही दिवसातून पन्नास वेळा डोळे चोळता. तेव्हा काय होत असेल?”

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. चोळणे बेसावधपणाचे होते, हे त्यांना सांगावे लागले नाही. त्या संध्याकाळी त्यांनी तोडगा काढला: आधी फक्त शेक आणि धुणे, औषधी पट्ट्यांचा विचार महिन्याने.

हा तोडगा वैद्यकशास्त्रालाही सोडून नव्हता. साध्या सौम्य शाम्पूने किंवा साबणपाण्याने हे जीव सहसा मरत नाहीत. प्रयोगशाळेत त्यांना लहान मुलांच्या शाम्पूत, इतकेच नव्हे तर ७५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले तेव्हा ते अडीच तासांनंतरही जिवंत होते. धुण्याने जाते ते त्यांचे अन्न: साचलेले तेल, मृत पेशी, कोंडा. थिजलेले तेल वाहते झाले की ग्रंथींचे काम सुरू होते आणि डोळ्याला पहिला आराम तिथूनच मिळतो.

शेक देण्यात बहुतेक घरांत एक चूक होते. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल डोळ्यांवर ठेवून माणूस दहा मिनिटे पडून राहतो, पण रुमाल दीड-दोन मिनिटांत गार झालेला असतो. ग्रंथीतले तेल विरघळायला पापणीला सुमारे चाळीस अंश सेल्सिअस किंवा किंचित अधिक ऊब सलग मिळावी लागते. म्हणून दोन रुमाल घ्यावेत. एक डोळ्यांवर असताना दुसरा गरम पाण्यात ठेवावा आणि ते आलटून पालटून वापरावेत. ऊब आधी मनगटाच्या आतल्या बाजूला पाहावी. मधुमेही आणि वृद्ध यांच्याबाबतीत तर अवश्य. उकळून गाळलेले पाणी अशा घरांत आयतेच असते. पाच ते दहा मिनिटांनंतर बोटाच्या टोकाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेने हलकेच दाबत न्यावी. डोळ्याच्या गोळ्यावर भार देऊ नये. मग ओल्या कापसाने मिटलेल्या पापण्यांची कड केसांच्या मुळांपाशी आडवी पुसावी, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घेऊन. हे रोज सकाळी आणि रात्री. ग्रंथींचे दुखणे जुनाट असते, त्यामुळे पुढेही दिवसातून एकदा हा नेम चालू ठेवावा लागतो. दात घासण्याचा कोणाला कंटाळा येत नाही, तसेच हे.

महिन्याने अण्णांच्या पापण्या चिकटायच्या थांबल्या. खाज निम्म्यावर आली, पण मेणचट नळ्या पुन्हा दिसत होत्या आणि कॉर्नियावर सूक्ष्म ओरखड्यांचे ठिपके तसेच होते. डॉक्टर म्हणाले, “अण्णा, समूळ नाहीसे करणं माझ्या मनात नाही आणि ते होतही नाही. त्यांची संख्या तुमच्या डोळ्याला सोसेल इतकी कमी व्हावी, एवढंच.” अण्णांनी त्या रात्री प्रतिक्रमणानंतर पहिली पट्टी उघडली.

टी ट्री तेलाविषयी एक ताकीद द्यायला हवी. नैसर्गिक आणि वनस्पतिजन्य म्हणून ते निर्धोक समजले जाते आणि त्याची निखळ बाटली कुठेही मिळते. ते निखळ तेल डोळ्याजवळ लावणे धोक्याचे आहे. कॉर्निया भाजून निघू शकतो. डोळ्यांसाठी तयार केलेल्या, सौम्य प्रमाणातील पट्ट्या किंवा फेस एवढेच वापरावे, तेही चुरचुर वाढली तर थांबवून विचारावे. या तेलाच्या गुणाविषयीचे पुरावेही फार भक्कम नाहीत. २०२० मध्ये कॉक्रेनने उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा निष्कर्ष अनिश्चिततेचाच निघाला. उपचार निदान सहा आठवडे चालवावा लागतो, कारण औषधातून निसटलेल्या अंड्यांतून दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी येते. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत याच विकारासाठी लोटिलानेर या औषधाच्या ०.२५ टक्के थेंबांना मान्यता मिळाली. दिवसातून दोनदा, सहा आठवडे. त्याच्या पहिल्या मोठ्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी ४४ टक्क्यांच्या पापण्या जवळजवळ स्वच्छ झाल्या, तर औषधाविना थेंब घेतलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. परदेशी असलेल्या मुला-नातवांकडून असे थेंब परस्पर मागवण्याचा मोह कोणाला झाला, तर त्याने आधी निदान करून घ्यावे. ॲलर्जी, रोझेशिया, सांधेवात किंवा शोग्रेनचा विकार यांतही डोळे असेच कोरडे पडतात आणि तिथे हे औषध निरुपयोगी असते.

कोरड्या डोळ्यांसाठी ओमेगा-३ च्या, म्हणजे माशांच्या तेलाच्या, गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. शाकाहारी घरातला रुग्ण अशा वेळी दोन्हीकडून अपराधी होतो: घेतली तर मनाला टोचते, न घेतली तर डोळ्यांची हेळसांड केल्यासारखे वाटते. अमेरिकेत ५३५ रुग्णांवर वर्षभर चाललेली ड्रीम नावाची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत निम्म्याहून अधिक रुग्णांना दररोज ३००० मिलिग्रॅम माशांचे तेल दिले आणि बाकीच्यांना ऑलिव्ह तेल. बरे दोन्ही गटांना वाटले, लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा ही गोळी नाकारणाऱ्याने मनाला लावून घ्यायचे काहीच नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, इतकेच.

चौविहार करणाऱ्या आक्कांनी आणखी एक शंका काढली. रात्री डोळ्यांत थेंब घातला की घशात कडवट चव उतरते, ते कसे? नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून अश्रू नाकात आणि तिथून घशात जातात. थेंबही त्याच वाटेने जातो. थेंब घातल्यावर डोळा मिटून तो कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरला की औषध बहुतांशी डोळ्यातच राहते. डोळ्यात एका थेंबापेक्षा जास्त मावतही नाही. तरीही ज्यांना रुखरुख वाटेल त्यांनी रात्रीचा थेंब सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे; नुसत्या कृत्रिम अश्रूंच्या बाबतीत ते सहज जमते. हे थेंब दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा लागत असतील, तर परिरक्षक द्रव्य नसलेले घ्यावेत. ते द्रव्यच कालांतराने डोळ्याला त्रास देऊ लागते.

घरातल्या काजळाचा आणि सुरम्याचाही विचार करावा. पापणीच्या आतल्या कडेला ओढलेले काजळ नेमके ग्रंथींच्या तोंडावर बसते आणि सुरम्यात शिशाचे प्रमाण घातक असल्याचे अनेकदा आढळले आहे. मध, गुलाबपाणी, तूप यांपैकी काहीच डोळ्यांत घालू नये. उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुवावेत, टॉवेल ज्याचा त्याने निराळा ठेवावा. पंख्याचा झोत थेट तोंडावर येत असेल तर गादीची जागा हलवणे थेंबांच्या दहा बाटल्यांहून स्वस्त पडते. नजर एकाएकी अंधुक होणे, तीव्र वेदना, उजेड मुळीच न सोसणे किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसणे यांपैकी काहीही झाले तर शेक-पट्ट्यांत वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

तीन महिन्यांनी अण्णा तपासणीला गेले तेव्हा आक्काही बरोबर होत्या. अण्णांच्या पापण्यांच्या कडा निवळल्या होत्या, अश्रूंचा पडदा नऊ सेकंद टिकला. डॉक्टरांनी मग आक्कांनाही लॅम्पसमोर बसवून खाली पाहायला सांगितले. त्यांच्याही केसांच्या बुडाशी चार-सहा नळ्या निघाल्या.

“खाज? चिपडं? काही खुपतं?”

“छे. मला कधीच काही झालं नाही.” आक्का जरा धास्तावल्या. “मग आता मलाही यांच्यासारखं सगळं करायचं का?”

“नाही, आक्का. तुम्हाला त्रास नाही ना? मग राहू द्यात त्यांना.”

आक्कांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि अण्णांकडे पाहिले. अण्णांचा हात सवयीने डोळ्याकडे गेला होता. तो त्यांनी खाली घेतला.